ओन यीचा दगड

मोगोकमध्ये माणकांच्या खाणीच्या पाण्याबरोबर जे बाहेर वाहून येतं, ते बायकांचं. आजीच्या आजीपासून असंच चालत आलंय. ओन यीनं या रिवाजावर चाळीस वर्षं काढली. खाणीचं पाणी बाहेर नेणाऱ्या चारीत, गुडघाभर पाण्यात, हातात टोपली, गालावर तनाख्याच्या सालीचा चंदनासारखा लेप.

त्या दिवशी टोपलीत अंगठ्याच्या नखाएवढा काळपट तांबडा खडा आला. खाणमालक बो चिट काठावरच उभा होता. त्यानं खडा उचलून पाहिला आणि तो हसला.

"गार्नेट आहे, मावशी. कोंबडीला घाल." आणि त्यानं तो परत गाळात फेकला.

ओन यीनं तो वेचला. उन्हात फिरवला. एका बाजूनं माणकासारखा लाल, दुसऱ्या बाजूनं विटकरी. गार्नेट कुठूनही बघा, एकच रंग. तिनं खडा तोंडात ठेवला आणि काम चालू ठेवलं.

बाजाराच्या दिवशी रंगूनची रत्नपारखी बाई आली होती; ओन यी सकाळीच खडा घेऊन तिच्याकडे गेली. तिनं खडा यंत्राखाली धरला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"पेनाइट," ती म्हणाली. "जगात फार थोडे आहेत. अंगठीत कुणी बसवत नाही. संग्राहक कपाटात जपून ठेवतात."

दुपारपर्यंत गावभर झालं. बो चिट धावतच आला.

"माझ्या खाणीतला दगड आहे तो."

"तुझ्या पाण्यातून वाहून आला. मग तो आमचा."

"रिवाज चुऱ्याला आहे, मावशी. असल्या दगडाला नाही. अर्धा दे, नाहीतर उद्यापासून एकाही बाईनं माझ्या चारीत पाय ठेवायचा नाही."

जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. घरोघरी चूल त्या चारीवर पेटत होती. ओन यीनं सगळ्यांकडे पाहिलं.

"नाही ठेवत," ती म्हणाली. "तुझा गाळ तूच उपस."

दुसऱ्या दिवशी चारीवर कुणी नव्हतं. बायका रोज टोपल्याच्या टोपल्या गाळ वाहून न्यायच्या, हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चारी तुंबली. पाणी उलटं फिरलं आणि खाणीच्या खड्ड्यात शिरलं. मजूर कमरेपर्यंत भिजून बाहेर आले.

बो चिट तिच्या दाराशी आला. ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, चल ना. खाण बुडाली."

"आधी बाजारात चल."

भर बाजारात तिनं खडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"त्या दिवशी काय म्हणालास?"

"...गार्नेट."

"पुढे?"

"कोंबडीला घाल." कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता उन्हात फिरव."

त्यानं फिरवला. लाल. मग विटकरी. पुन्हा लाल. त्याचा चेहरा उतरला.

"कोणाचा?"

"तुझा, मावशी."

"आणि चारीतलं?"

त्यानं बायकांकडे पाहिलं. "तुमचं. लहान असो, मोठं असो."

ओन यीनं खडा उचलला, तोंडात टाकला, पदर खोचावा तशी लुंगी वर खोचली आणि टोपली घेऊन चारीकडे निघाली. मागून सगळ्या बायका.