आरशाच्या भरवशावर

पोलादपूरहून सकाळी महाडला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की सरिता डोळे मिटते. झोप लागतेच असं नाही. पण सावित्रीवरचं धुकं काचेला येऊन टेकतं, गाडी एका लयीत हलू लागते, आणि महाडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, काशीबाईंची ही सून एका स्फटिकाच्या पृष्ठभागावर चालायला निघते. तिकीट अर्थात महाडपर्यंतचंच असतं.

हा स्फटिक कथील आणि टेल्युरियम यांचा. आतून तो वीज जाऊ देत नाही. पृष्ठभागावर मात्र वीज खुशाल धावते. अशा पदार्थांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. हे नाव एकदा ऐकल्यावर काशीबाईंनी पुन्हा विचारलं नव्हतं. तरी सरिताने एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता समजावायला घेतलं.

"आपल्या वरच्या वाडीसारखं, आई. आत सगळ्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. आणि कडेने हायवे धो धो वाहतोय."

"नि हायवे खोदला तर?"

"कितीही खरवडा. वरचा थर गेला की खालचा उघडा पडतो, आणि रस्ता त्याच्यावरून चालू."

"आपल्या हायवेला सांग गो हे," काशीबाई म्हणाल्या. "त्याला ठाव नाय."

सरिताच्या स्फटिकात या रस्त्यांची राखण करते ती सममिती. स्फटिकाच्या मधोमध एक आरसा उभा आहे असं मानायचं. अलीकडचा प्रत्येक अणू पलीकडे तंतोतंत उमटला पाहिजे. तो आरसा शाबूत आहे तोवर रस्ता बंद करणं कुणाच्या हातात नाही. एका पृष्ठभागावर असे दोन आरसे, प्रत्येकाच्या राखणीत दोन, मिळून चार रस्ते, आणि कडाक्याच्या थंडीतही चारही उघडे, हे तिच्या पीएचडीचं सार होतं. कितीतरी वर्षं त्यात गेली होती. प्रबंध आता आठवड्याभरात जमा करायचा होता. तारीख हुकली की नोंदणी रद्द.

हे उत्तर तिने घरच्या कॉम्प्युटरवर काढलं होतं. तो पुढच्या खोलीत बसे, इन्व्हर्टरवर. "माणसाला एक पंखा नि खोक्याला दोन," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत काशीबाई त्याची उस्तवार करत. लाइट गेली की आधी फ्रिज बंद, मग टीव्ही, खोकं चालू. तरीही इन्व्हर्टर मान टाकायच्या आत गणित संपेल याची खात्री नसे. म्हणून सरिताने सगळे वापरतात तीच युक्ती वापरली. स्फटिक सममित आहे असं मशीनला आधीच सांगून टाकलं. मग स्फटिक म्हणजे चिरलेलं लिंबू, सगळं मोजावं लागत नाही. एक फोड मोजायची, बाकीच्या फोडी आरशातून मिळतात. गणित दुपारच्या आत उरकतं. पोलादपूरच्या लाइटपुढे याहून शहाणपणाचं काही सुचण्यासारखं नव्हतं.

त्या सकाळी थंडी जास्त होती. खिडकी नीट लागत नव्हती. सरिताने पदर कानावरून घेतला आणि डोळे मिटले.

धुक्यात एक मैदान होतं. अणू प्रार्थनेला उभे होते, एक कथील, एक टेल्युरियम, पुन्हा कथील, मैदान संपेपर्यंत. सगळ्यांच्या पायाखाली निळसर उजेड वाहत होता. ती रांगांमधून चालली. वळली की समोरून तीच येत होती, पदर उलट्या कानावर. कुणी हलत नव्हतं. इतकी शिस्त तिने कॉलेजात कधी पाहिली नव्हती. तिथेच तिला संशय यायला हवा होता.

"मॅडम," शेवटच्या रांगेतलं एक कथील अगदी अदबीने म्हणालं, "गारठा फार आहे. शेजाऱ्याकडे जरा सरकू का?"

"मग सरक की. विचारतोस काय?"

"तुम्हीच हलू नका म्हणालात."

गाडी आचका देऊन थांबली. महाड आलं होतं. स्वप्नात शोध लागणारी माणसं चरित्रांत असतात. सरिताला स्वप्नात स्वतःची चूक सापडली.

थंडीत हे अणू तिरपे सरकू शकतात, हे तिने वाचलेलं होतं. तिच्या मशीनने ते सरकताना पाहिले नव्हते, कारण पाहायची मुभाच नव्हती. सममिती आहे असं तिने सांगितलं, आणि मशीनने मान डोलावून सममिती आहे असं तिला परत सांगितलं. दोघांनी एकमेकांचं कौतुक करून प्रबंध लिहिला.

तिने पुण्याला आमोद सरांना, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांना, फोन केला.

"परीक्षकांच्या हे लक्षात येईलच असं नाही," सर म्हणाले. "तारीख जवळ आली आहे, सरिता. बघा तुम्ही."

तिने बघायचं ठरवलं. मशीनवरचं सममितीचं बंधन काढून टाकलं. आता सगळं लिंबू मोजायचं होतं, आणि गणित संपता संपेना. कॉलेजातून आली की ती पडद्यापुढे बसे. अणू केसभर हलत, थांबत, पुन्हा हलत. बघता बघता तिचे डोळे जड होत. एका दुपारी लाइट गेली तेव्हा काशीबाईंनी सून जेवत असलेल्या खोलीतला पंखाही बंद केला.

"चालू दे त्याचं," त्या म्हणाल्या. "तुला थंडीचा कशाला पंखा?"

तारखेच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. अणू सरकले होते. एक आरसा तडकला होता, दुसरा शाबूत होता. चार रस्त्यांपैकी दोन बंद, दोन उघडे.

काशीबाईंनी तिचा चेहरा पाहिला. "बिघडलं?"

"अर्धं."

"अर्धं राहिलं म्हण."

सरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "पहिलं उत्तर देखणं होतं," ते म्हणाले.

"हो, सर. पण ते या स्फटिकाचं नव्हतं."

"मुदतवाढीचा अर्ज करा. मिळेलच असं नाही. मी सही करतो."

अर्ज पाठवून झाल्यावर तिने शेवटचं प्रकरण उघडलं आणि पुसलं. चार रस्ते का उघडे राहतात हे सांगायला तिला पूर्वी एक परिच्छेद पुरला होता. दोन का मिटले आणि दोन का उरले, हे लिहायला बसली ती संध्याकाळ झाली तरी पहिल्याच पानावर होती, आणि तिला घाई वाटत नव्हती.