रोहायाच्या हातातला टॉर्च

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि पुण्यातल्या धाकट्या बहिणीपाशीही नाही—तिच्याशी तर मी दर रविवारी तास-तासभर बोलते. दोनदा सुरुवात केली होती. दोन्ही वेळा अर्ध्यावर वाक्य वळवलं आणि तिच्या सासूची चौकशी करत बसले. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं.

मी सिंगापूरला एका खासगी सुरक्षा कंपनीत आहे. आमचे अधिकारी गोदामं, जेट्टी, जहाजदुरुस्तीची यार्डं सांभाळतात. त्यांना गणवेश असतो, आणि नेमून दिलेल्या हद्दीत पोलिसांचे अधिकारही. त्यांच्या अंगावर जे जे असतं—बूट, पट्टा, वॉकीटॉकी, टॉर्च—ते तपासून निवडणं हे माझं काम. मी इंजिनियर. कामाला चोख, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते.

त्या वर्षी टॉर्च बदलायचे होते. तुम्हाला वाटेल, टॉर्चमध्ये निवडायचं ते काय? पण ड्युटीचा टॉर्च म्हणजे घरात फ्यूज गेल्यावर शोधतो तो नव्हे. एका हाताने, अंगठ्याने, हातमोजा घालून लागला पाहिजे. पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड—आधी मंद, मग लुकलुक, असले खेळ नकोत. पाण्यात चालला पाहिजे, पडला तरी चालला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे आपणहून विझता कामा नये. शिडीवर उभ्या असलेल्या माणसाचा टॉर्च विझला तर त्याने काय करायचं?

तीन मॉडेलं आली. मी दुसरं निवडलं. डायरेक्टरांपुढे छान प्रेझेंटेशन केलं आणि सांगून टाकलं, हे सगळ्या चाचण्यांत पास आहे. मग रीत म्हणून थोडे नग सेम्बावांगच्या यार्डात वापरून बघायला दिले. तिथे सार्जंट होती रोहाया.

रोहायाबद्दल सांगायला हवं. टाळत होते, पण सांगायला हवं.

पंचावन्न-छप्पन वर्षांची, ठेंगणी, हिजाबवर कॅप घालणारी मलय बाई. सगळे तिला ‘काक’ म्हणत—काक म्हणजे ताई. मीही म्हणायची. यार्डात गेले की आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, एकत्र जेवायचो. मी शाकाहारी, तिला हलाल लागायचं, म्हणून ट्रे वेगवेगळे आणि टेबल एकच. लेकीनंतर माझं एक मूल पोटातच गेलं, तेव्हा ऑफिसात ते एकट्या तिला ठाऊक होतं. ते तिच्यापाशीच राहिलं. आणि एकदा, असंच जेवताना, तिने मला तिचं सांगितलं. हात लांब करून धरला की तो कापतो. आईचाही कापायचा. डॉक्टरांनी बघितलंय, काही आजार नाही, कामाला अडत नाही. पण साहेबांच्या डोळ्यांवर आलं तर ते मला यार्डातून काढून खुर्चीत बसवतील, म्हणाली. निवृत्तीपर्यंत मला गणवेशात, पायांवर राहायचंय.

मी म्हटलं, काक, माझ्याकडून कुठे जाणार आहे?

महिनाभराने अहवाल मांडायची बैठक झाली. रोहायाने स्वतःच्या हाताने एक पान लिहून आणलं होतं. दुसऱ्या मॉडेलचा टॉर्च दोन-चारदा पडला की मधूनच विझतो, जहाज कोरडं उभं करतात त्या ड्राय डॉकखालच्या पंपांच्या खोलीत आपल्या हातात तीनदा विझला, असं त्यात होतं. भर दुपारीही त्या खोलीत स्वतःचा पंजा दिसत नाही. मी म्हटलं, चाचणीत असं काही आलेलं नाही. तेव्हा ती हसून म्हणाली, मॅडम कागदावर बघतात, मी हातात धरते. टेबलाभोवतीचे सगळे हसले. डायरेक्टरही हसले.

बस. एवढंच झालं. तिच्या बोलण्यात विष नव्हतं, मला तेव्हाही ते कळत होतं. पण ते हसणं माझ्या कानात राहिलं. डायरेक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात दोघी मिळून दाखवा काय ते.

शनिवारी दुपारी त्याच मॉडेलचा एक टॉर्च मी घरी आणला. इथल्या फ्लॅटला बॉम्बहल्ल्यात आसरा घ्यायची शेल्टरची खोली असते—जाड दाराची, बिनखिडकीची. आम्ही तिच्यात तांदूळ आणि सुटकेसेस ठेवतो. तिथे दार लावून मी तो टॉर्च कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकला. एकदा, दोनदा, तीनदा—लागत होता. चौथ्यांदा टाकून उचलला आणि तो हातातच विझला. हलवला, लागला. पुन्हा विझला. लेक दार उघडून डोकावली आणि म्हणाली, “मम्मा, स्पॉइल ऑलरेडी लाह.” मी म्हटलं, हो, बिघडलाय, जा खेळायला. मागची टोपी उघडून पाहिली तर आतली स्प्रिंग दबून बसली होती, सेलला नीट टेकतच नव्हती. पाच मिनिटांत दिसण्यासारखा दोष.

म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य मला लिहायचं नव्हतं, म्हणून एवढं फिरून आले. रोहायाचं खरं होतं, आणि ते मला सोमवारच्या बैठकीच्या आधीच माहीत होतं.

सोमवारी सकाळी मी खोक्यातून एक कोरा टॉर्च काढला. रोहायाने अहवालाबरोबर जमा केलेल्या टॉर्चवरचा नंबराचा स्टिकर हलक्या नखाने सोडवून त्याच्यावर चिकटवला. अंगावर दोन-चार ओरखडेही काढले. तिचा टॉर्च माझ्या ड्रॉवरमध्ये गेला.

बैठकीच्या खोलीत पडदे ओढले, दिवे बंद केले. टॉर्च मीच तिच्या हातात दिला. आणि सांगितलं, काक, समोरच्या भिंतीवर धरा, हात सरळ, खांद्याच्या रेषेत, तीन मिनिटं. टॉर्च तपासायला हात लांब धरायची काय गरज? काहीच नाही. कुणीच विचारलं नाही. चाचण्या ठरवणारी मी होते.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

टॉर्च विझला नाही. विझणारच नव्हता. पण पांढऱ्या भिंतीवरचं उजेडाचं वर्तुळ आधी जरासं थरथरलं, मग चांगलंच हलू लागलं. ती दुसरा हात आधाराला आणायला गेली, तर मी म्हटलं, एकाच हाताने, प्लीज. खोलीत कुणीतरी खाकरलं. मी घड्याळाकडे बघत पुरती तीन मिनिटं होऊ दिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा, अगदी मऊ आवाजात म्हणाले, “काक, टॉर्च नीट चाललाय. तुमचा हात हलतोय.”

मला आनंद झाला होता. लाज नव्हे, भीती नव्हे—आनंद. तो मला अजून जसाच्या तसा आठवतो.

दिवे लागल्यावर तिने टॉर्च टेबलावर ठेवला, खुर्ची आत सरकवली. मी बाहेर लिफ्टपाशी उभी होते तिथे येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, “मी फक्त तुलाच सांगितलं होतं.”

लिफ्ट आली. मी आत गेले.

तिला यार्डातून काढलं. गेटवर पाहुण्यांचे पास देण्याच्या खिडकीत बसवलं, कमरेचा पट्टा काढून घेतला. सहा-सात महिने बसली आणि राजीनामा देऊन गेली. निरोपाच्या केकवर मी सही केलेलं कार्ड होतं. तिचं ते हाताने लिहिलेलं पान मी फाइलमधून काढून श्रेडरमध्ये घातलं होतं.

टॉर्च माझेच आले, सगळ्यांच्या पट्ट्याला लागले. पावसाळी दिवसांत एका दुपारी आमचा एक अधिकारी, दोन मुलांचा बाप, त्याच पंपांच्या खोलीत लोखंडी शिडीने उतरत होता. टॉर्च विझला, पुढची पायरी चुकली. गुडघ्याचा चुरा झाला. तो आता काठी घेऊन चालतो. चौकशी माझ्याकडे आली आणि मी दोन दिवसांत दोष शोधून दिला—शोधायचा काय होता? सगळे टॉर्च बदलले. किती लवकर पकडलंत, म्हणून कौतुक झालं. तोवर बदलून आलेल्या नव्या डायरेक्टरांनी विचारलं, अशी तक्रार आधी कधी आली होती का? मी म्हटलं, नाही.

तुम्हाला वाटत असेल, त्या माणसाला पाहून तरी ही हलली असेल. मलाही तसं वाटायचं.

गेल्या वर्षी एचआरमधून मेल आला. नव्या अधिकाऱ्यांना यार्डातली उपकरणं शिकवायला अनुभवी माणूस हवा होता, बसून करायचं काम. रोहायाने अर्ज केला होता. तिचं नाव पुढे होतं, आणि तिच्याबरोबर काम केलेली म्हणून त्यांनी माझं मत विचारलं होतं. कुणी माझ्यावर हसलं नव्हतं. मी कुणापुढे हरत नव्हते. तिला होय म्हणण्यासारखं सगळं होतं, आणि माझ्या एका ओळीने ते होणार होतं. पण ती आली असती तर माझ्याच मजल्यावर बसली असती, रोज.

मी लिहिलं: उपकरणांबाबत त्यांचं निरीक्षण विश्वासार्ह नाही.

पाठवायच्या आधी मी ते वाक्य दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम चुकला होता, तो दुरुस्त केला. मग पाठवलं, आणि जेवायला गेले.