निम्मं पाणी

दूध तापायला लागलं, की त्या वासानं मला सांगलीच्या एका दवाखान्यातला बाक आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या लेकीला तान्हेपणी म्हशीचं दूध पाजलं, की दोन तासांनी उलट्या होऊन ती पांढरीफटक पडायची, म्हणून डॉक्टरांनी तिचं दूध बंद केलं होतं. ती तीन वर्षांची झाल्यावर ते म्हणाले, "घरचं दूध आणा, माझ्यासमोर थोडं थोडं देऊन बघू." सासूबाईंनी धार काढली, दूध तापवलं आणि फडकं बांधलेला तांब्या आटपाडीपासून एसटीत मांडीवर धरून आणला. डेअरीला घालायच्या दुधात थेंबभर पाणी न मिसळणारी बाई म्हणून गावात त्यांचा मान होता. डॉक्टरांनी दूध कपात ओतलं आणि विचारलं, "आजी, म्हशीचं दूध एवढं पातळ?" सासूबाईंनी मान खाली घातली. "आवं डाक्टर, निम्मं पाणी हाय त्यात. तवा मीच पाजलं हुतं पोरीला. हात धजला न्हाई." डॉक्टर म्हणाले, "असं कसं कळणार? परवा बिनपाण्याचं आणा." परतीच्या एसटीत मी लेकीला घेऊन सासूबाईंपासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसले. दोन दिवसांनी त्यांनी तांब्या माझ्याकडं दिला, "तूच धर." चमच्याचमच्यानं दूध पाजून आम्ही चार तास लेकीच्या तोंडाकडं बघत बसलो. शेवटी ती "भूक लागली" म्हणाली, आणि सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. आज त्याच लेकीच्या बाळाला पहिल्यांदा वरचं दूध द्यायचंय. पातेलं गॅसवर ठेवलं आणि बघते तर माझ्या हातात पाण्याचं फुलपात्र.