बोटांच्या बेचक्यात बघणाऱ्या अक्का

अक्कांनी माझं नाव विचारायच्या आधी माझे हात तपासले. ही आमची पहिली ओळख.

पहूरला माझं औषधांचं दुकान आहे. डॉ. कुमुदिनीताई, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या अक्का, जळगावचा दवाखाना सांभाळून दर बुधवारी आमच्या गावात त्वचेचे रुग्ण तपासायला येऊ लागल्या होत्या. त्यांची एक शिस्त होती आणि आजही आहे: रुग्णानं आजवर अंगाला जे जे लावलं, ते सगळं पिशवीत भरून आणायचं. एका बुधवारी अक्का एका रुग्णाची अशी पिशवी घेऊन स्वतःच दुकानात आल्या. पिळून चपट्या झालेल्या ट्यूबांचा ढीग त्यांनी काउंटरवर ओतला आणि म्हणाल्या, "भाऊ, ही सगळी तुमची कृपा."

ते तीन औषधं एकत्र असलेलं मलम होतं, त्यात स्टिरॉइडही होतं. नायटा असो, खरूज असो, घामोळं असो, मी तेच काढून द्यायचो. दोन दिवसांत खाज गप्प आणि गिऱ्हाईक खूश! मला राग आला. "मॅडम, मी काय काल दुकान टाकलंय का?" असं मी तोऱ्यात विचारलं खरं, पण विचारताना मनगट खाजवत होतो. अक्कांनी माझा हात धरला, बोटं फाकवली आणि बेचक्यात बघितलं. भर गिऱ्हाइकांत म्हणाल्या, "ही खरूज आहे. मलमानं खाज दबली, किडा मात्र आत मजेत आहे. तुमच्याकडून कोणाकोणाला गेली असेल?"

त्या प्रश्नासरशी मला पाचोऱ्याचं वसतिगृह आठवलं.

माझी लेक पल्लवी तेव्हा पाचोऱ्याला मुलींच्या वसतिगृहात राहून बारावी करत होती. रविवारी घरी यायची आणि जाताना मैत्रिणींसाठी तेच मलम मूठभर घेऊन जायची. बाप दुकानदार, मग काय! खाज दबायची, पुन्हा उसळायची आणि खोलीमागून खोली धरायची. शेवटी वसतिगृहाचे अध्यक्ष नाना यांनी ठरवलं, सगळ्या मुलींना घरी पाठवायचं. परीक्षा महिन्यावर आली होती. त्यातल्या कितीतरी मुली अशा घरांतल्या होत्या, की एकदा परत गेली की मुलगी पुन्हा शिकायला येणार नाही. पल्लवीच्याच खोलीतल्या सुनीताच्या घरी तर तिला बघायला पाहुणे येऊन बसले होते. आणि हे सगळं माझ्या ट्यूबांमुळे! मी अक्कांना खरं ते सांगून टाकलं आणि रडलो. त्यांनी मला दोष दिला नाही. फक्त म्हणाल्या, "उद्या सकाळी गाडी काढा."

पाचोऱ्याला अक्का थेट नानांसमोर जाऊन बसल्या. "नाना, आज पोरी घरी पाठवल्यात तर खरूज तेवढ्या घरांत पोचेल. आणि पोरी परत येणार नाहीत. मला पंधरा दिवस द्या."

नाना कसेबसे तयार झाले. त्याच संध्याकाळी सगळ्यांनी एकाच वेळी, मानेपासून तळपायापर्यंत, नवं औषध लावायचं ठरलं. मुली, अधीक्षिका, चौकीदार, कोणाची सुटका नव्हती. स्वयंपाकीण मावशी अडून बसल्या, "माले खाज नही शे, मी कसाले लावू?" अक्का मूळच्या धुळ्याकडच्या. त्यांनी त्याच बोलीत उत्तर दिलं, "मावशी, किडा पहिले येस, खाज मांगून येस. बठ्ठास्ले लावनं पडी!" सगळ्यांना म्हणजे सगळ्यांनाच, असं बजावत मावशींचा हात धरून त्यांनी स्वतःच औषध चोळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळी झाल्या आणि झाडून सगळे कपडे, चादरी, गोधड्या गरम पाण्यात पडल्या. ते पाणी तापवायचं, गोधड्या पिळायच्या आणि गच्चीवर टाकायच्या, हे काम अक्कांनी मला दिलं. माझी कंबर मोडली. "खानदेशच्या उन्हाला सगळे शिव्या देतात," त्या हसत म्हणाल्या, "आज कामाला आलं बघा."

आठ दिवसांनी औषधाचा दुसरा हात झाला. पण खाज होतीच! अधीक्षिकाबाईंनी फोन केला, नाना तर गाड्या ठरवायला निघाले. अक्का पुन्हा आल्या. किडा मेला तरी अंग दोन-तीन आठवडे खाजतं, हे त्यांनी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. खाज बघायची नाही, नवे पुरळ येतात का ते बघायचं. त्यांनी मुलींना अंगणात ओळीनं बसवलं, एकेकीची बोटं फाकवून बेचकी तपासली, मनगटं तपासली. "नाना, एक नवा फोड दाखवा, मी स्वतः गाडीत बसवून देते."

नानांनी चष्मा लावून सगळी ओळ पालथी घातली. एकही सापडला नाही. चष्मा काढून म्हणाले, "अक्का, जिंकलात तुम्ही." पोरींनी असा काही कल्ला केला, की रस्त्यावरची माणसं फाटकाशी थांबली.

एकूण एक मुलगी परीक्षेला बसली. सुनीताच्या पाहुण्यांना नकाराचा निरोप गेला. सुनीता आज परिचारिका आहे, आणि खरूज ओळखण्यात भल्याभल्यांना ऐकत नाही.

पल्लवी औषधनिर्माणशास्त्र शिकली आणि आता आमच्या काउंटरवर बसते. खाजेचं मलम मागणाऱ्याला ती आधी हात पुढे करायला लावते, बेचक्यात बघते आणि बुधवारी अक्कांकडे पाठवते. ते मलम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आमच्याकडून जात नाही. धंदा थोडा बसला, पण गावात मान ताठ ठेवून फिरतो.

अक्का पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या, यावर आम्हा पहूरकरांचा विश्वास बसत नाही, कारण त्यांचा बुधवार अजून चुकलेला नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या सोहळ्याला मी हार घेऊन येणार आहे. हार गळ्यात पडण्याआधी अक्का माझी बोटं फाकवून बघणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल बघा अक्का. धडधाकट राहून अजून पंचवीस वर्षं आमचे हात असेच बघत राहा!