शक्ती रुसते का?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, मी नववीत असताना, आमच्या अंबरनाथच्या घरी दर रविवारी सकाळी एक बाई यायच्या. राहायच्या उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये. पूर्वी नर्स होत्या. आता पिशवीत बायबल आणि पुस्तिका घेऊन दारोदार फिरायच्या. बाकीचे लोक त्यांना दारातूनच वाटेला लावत. आई मात्र आत बोलवायची, पोहे द्यायची. बाबा कारखान्यात अधिकारी, देवाधर्माचं त्यांना वावडंच. बाई आल्या की ते तोंडापुढे पेपर धरत. मलाही आईचा राग यायचा. आपला देव नाही, धर्म नाही, मग ऐकायचं कशाला?

एका रविवारी बाई म्हणाल्या, पवित्र आत्मा म्हणजे कुणी व्यक्ती नव्हे, ती देवाची शक्ती आहे, तारेतून वाहणाऱ्या विजेसारखी. नेमक्या तेव्हाच शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. काकू पिढीजात ख्रिस्ती, एकही रविवार चर्च न चुकवणाऱ्या, आत्ताही तिथूनच परतलेल्या. त्या रिकामी वाटी घेऊन तिथेच बसल्या. आत्मा ही व्यक्तीच, ती बोलते, तिला दुःख होतं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग घरी जाऊन स्वतःचं बायबल घेऊन आल्या. तासभर दोघी पानं उलटत एकमेकींना खोडून काढत होत्या. पोहे गार झाले. मला तर फुकटचा तमाशाच मिळाला होता.

आईने मात्र भाजी चिरणं केव्हाच थांबवलं होतं.

आईचं माहेर पालेगाव. लग्नाआधी चैत्रातल्या जत्रेत तिच्या अंगात देवीचं वारं यायचं. वारं आलं की तिथे आधी विचारतात, "कोन आयलीस?" मग कुंकू लावायचं, नारळ द्यायचा, तिला काय हवं-नको ते विचारायचं. लग्नानंतर बाबांनी हे सगळं बंद करायला लावलं आणि आईने मुकाट्याने जत्राच सोडली. पुढे, मी तिसरीत असताना, माझा चार वर्षांचा धाकटा भाऊ तापाने गेला. तेव्हा थोरली मामी एवढंच म्हणाली होती, "देवीला इसरलीस तू." आईने ते कधी कुणापुढे काढलं नाही, पण ती ते विसरलीही नाही.

आईने बाईंना विचारलं, "शक्ती असेल, तर ती रुसते का?"

"नाही हो ताई. वीज कधी रुसते का?"

मग ती काकूंकडे वळली. "आणि व्यक्ती असेल तर?"

भावाच्या तापात त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला काकूच बसल्या होत्या. इतका वेळ तावातावाने बोलणाऱ्या काकूंनी हातातलं बायबल मिटलं.

"व्यक्ती असेल," त्या म्हणाल्या, "तर ती लेकरावर राग काढणार नाही."

मला स्वतःची लाज वाटली. आई इतकी वर्षं काय घेऊन जगत होती, ते मला त्या दिवशी कळलं. तिने उठून काकूंच्या वाटीत विरजण घातलं.

त्या चैत्रात आई मला घेऊन पालेगावच्या जत्रेला गेली. बाबांना तिने नुसतं सांगितलं, विचारलं नाही. वारं तिच्या अंगात आलं नाही, थोरल्या मामीच्या आलं. कोण आलंय ते रीतीप्रमाणे विचारून झालं आणि सगळ्यांनी आईला पुढे केलं. ती आता पदर पसरून माफी मागणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

आईने मामीच्या कपाळाला कुंकू लावलं, हातात नारळ दिला आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तू नाही, मी रुसले होते. सहा वर्षं."