अक्कांचा कादंबरीवर्ग

बंगळुरातल्या मराठी शब्दांची सगळ्यात जास्त काळजी कोणी वाहिली असेल, तर ती माझ्या बायकोच्या थोरल्या मावशीने. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर राजाजीनगरातल्या आपल्या हॉलमध्ये दर रविवारी त्या आसपासच्या मराठी पोरांचा वर्ग भरवू लागल्या. पाठ्यपुस्तक नाही, व्याकरण नाही. वर्षाला एक जाडजूड कादंबरी, सगळ्यांनी पाळीपाळीने मोठ्याने वाचायची. नवा शब्द आला की अर्थ सांगायची पद्धत नव्हती. "आठवडाभर वापरून बघ, आपोआप कळतं," म्हणायच्या. त्यामुळे आमच्या लेकीने एका रिक्षावाल्याला "अण्णा, आढेवेढे घेऊ नका" असं बजावलं. त्या बिचाऱ्याने कन्नडात "सरी, सरी" (बरं, बरं) म्हणत मुकाट मीटर टाकला. पण पुढच्याच आठवड्यात घरी आलेले माझे साहेब पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढताना दिसले, तेव्हा "तुम्ही फार चोखंदळ हो" असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं. साहेब नागपूरचे, त्यांना सगळं कळलं.

कादंबरीतली माणसं अक्कांच्या घरचीच असत. त्यातल्या म्हातारीला ताप आला, तेव्हा अख्ख्या वर्गाला मिऱ्याचा जळजळीत कषाय, म्हणजे काढा, प्यावा लागला. नायिकेला मूर्ख म्हणणाऱ्या पोराशी त्या पुरता एक रविवार बोलल्या नाहीत. पण त्यांचा खरा हट्ट निराळाच होता. कादंबरी अशी निवडायची, जी त्यांनी स्वतः वाचलेली नाही, आणि वर्गाच्या आधी पुढची एक ओळही वाचायची नाही. "मला पुढचं ठाऊक असलं तर मी नुसती परीक्षा घेईन की," त्या म्हणायच्या, "आता मीपण तुमच्यासारखी अडकलेय."

मग पोरं ट्यूशनला लागली, वर्ग रोडावत गेला, शेवटी आमची लेक एकटी उरली; आणि माझ्या ऑफिसपायी आम्हीही व्हाइटफील्डला राहायला आलो. दर रविवारी शहराच्या या टोकापासून त्या टोकाला जाणं काही जमेना. घर सोडून गेलेली नायिका परत येऊन आईच्या दाराशी उभी होती, तिथेच कादंबरी थांबली. व्हिडिओ कॉलवर वाचू म्हटलं, तर अक्का म्हणाल्या, "फोनवर वर्ग होत नाही हो जावई." मग तुम्ही एकट्याच वाचून टाका म्हटलं, तर तेही नाही. दर रविवारी लेकीला, म्हणजे त्यांच्या लाडक्या पुट्टीला, त्यांचा फोन मात्र येतो. "पुट्टी, काय वाटतं तुला, दार वाजवेल का गं ती?" लेक काहीतरी उत्तर देते, अक्कांना ते पटत नाही, आणि वाद चांगला रंगतो. तो ऐकताना मला त्या हॉलची फार आठवण येते, जिन्यापर्यंत ऐकू येणारा पोरांचा गलका आणि त्यावर अक्कांचं "स्वल्प हळू, स्वल्प हळू."

गेल्या रविवारी फोन संपल्यावर मी वैतागून म्हणालो, "थोडीच पानं राहिलीत, वाचून का टाकत नाहीत एकदाची?"

लेक म्हणाली, "बाबा, त्यांनी वाचून टाकलं तर मला फोन कशासाठी करतील?"

हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. तिने ते वाचलं होतं, मला वाचता आलं नव्हतं.

आज आम्ही दोघं मेट्रोने राजाजीनगरला निघालोय. अक्कांना कळवलेलं नाही. निघतानाच लेकीने मला दम भरलाय, "आज एकच पान वाचायचं हं. जास्त नाही."