बिनसाखरेचं वाण

अधिक महिना लागला की आमच्या संग्रामपुरात जावयांचे भाव वाढतात. त्यांना सासरवाडीला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, आणि निघताना ताटात दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. अनारसेच का, तर त्यांना जाळी असते. वाणाच्या वस्तूला भोकं हवीत, असा नियम आहे. तो का आहे, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आजवर मी घेणाऱ्यांत होतो.

यंदा मी देणाऱ्यांत होतो, आणि आमच्या जावयांना मधुमेह निघाला होता.

जावई शेगावला शाळेची बस चालवतात. परवान्यासाठी पुढच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरांचा दाखला हवा होता. साखर आटोक्यात नसली तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर गाडीही नाही. म्हणून लेकीनं मला फोनवर बजावलं.

"बाबा, अनारसे करू नोका. केले तं ताट तसंच वापस पाठवीन."

"अवं, पण अनारशात साखर कुठं असते? गूळ असते."

"काऊन, गूळ काय कडू लागते?"

यावर मला चांगलं उत्तर सुचलं, पण तोवर फोन ठेवला गेला होता.

तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणं होती. दिवाळीत मी त्यांच्याकडे खजूर-अंजिराची बर्फी नेली होती. डब्यावर 'शुगर फ्री' असं ठळक अक्षरात छापलं होतं, आणि ते वाचून माझा इतका विश्वास बसला की जावयांनी दुसरा तुकडा नको म्हटल्यावर मी रुसलो होतो. त्यानंतर 'गोड नाही ना, मग झालं' म्हणून कचोरी नेली. शेगावच्या स्टेशनाबाहेर कचोरी घेऊन ती शेगावातल्याच माणसाला भेट देणारा मी पहिलाच असेन. मैदा आणि तेल याबद्दल लेक जे बोलली ते इथं लिहीत नाही. एकदा फळांचा रस नेला. फळातली साखर देवानं घातलेली असते, ती बाधत नाही, असा माझा समज होता.

तेव्हा या वेळी मी पूर्ण विचार करायचं ठरवलं. मी निवृत्त माणूस. माझ्याजवळ वेळ आहे आणि मोबाइलही आहे. ही दोन्ही एका माणसाजवळ आली की घरच्यांचं कठीण असतं. दोन दिवस विचार केल्यावर मला कळलं की नियम भोकांचा आहे, गोडाचा नाही. म्हणजे बिनगोड जाळी शोधली की शास्त्रही खूश आणि लेकही खूश.

"भेंडीच्या चकत्या कशा राहतीन?" मी बायकोला विचारलं. "मधात भोक असते."

"मंग चाळणीच द्या ना त्याईले," ती म्हणाली. "तेहतीस काय, तीनशे भोकं निघतीन."

शेवटी मुगाच्या डाळीची धिरडी ठरली. मोबाइलवर सगळीकडे मुगाचं कौतुकच होतं. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी होकार समजतो; लग्नापासूनची सवय आहे. आणि ऐन वेळी तिचा हात गोडाकडे वळू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मी साखरेचा आणि गुळाचा डबा शेजाऱ्यांकडे ठेवून आलो.

रविवारी साडेदहाला लेक आणि जावई मोटरसायकलवरून आले.

"नाश्ता झाला का, जवाईबापू?"

"नाही, मामाजी. आज तुमच्याकडं जेवाचं म्हून पोट खालीच ठेवलं. सकाळची गोळी घेतली तेवढी."

सासरवाडीच्या जेवणाबद्दलचा हा आदर पाहून मला भरून आलं.

मग स्वयंपाकघरात काम सुरू झालं. पहिलं धिरडं उतरलं. मी ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

"याले जाळी कुठं हाय?"

"धिरडं हाय ते. मच्छरदानी नाही," बायको म्हणाली.

मी ते बाद केलं. पीठ पातळ केलं, सोडा घातला, तवा आधी जास्त आणि मग कमी तापवून पाहिला. पुढची दोन जरा बरी झाली, त्याच्या पुढची चार बाद. बाद धिरड्यांची चळत वाढत गेली आणि पास झालेली एका हाताच्या बोटांवर मोजता येत होती. मधून मधून जावई दारात येऊन उभे राहायचे.

"मामाजी, त्या बादमधलं एखादं देता का?"

"वाण झाल्याबिगर? बसा, बसा. आता होऊनच राह्यलं."

दीडच्या सुमाराला बाहेरून लेकीची हाक आली. जाऊन पाहतो तर जावई दिवाणावर बसलेले, शर्ट घामानं भिजलेला, हात थरथरताहेत. मी "काय झालं?" विचारलं तर काहीतरी असंबद्ध बोलले. लेकीनं पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं, बोटाला सुई टोचली आणि आकडा पाहून ओरडली, "साखर एकदम उतरली! बाबा, साखर आना! लवकर!"

मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिलो. घरात चिमूटभर साखर नव्हती. ती नसावी याची काळजी मी स्वतः घेतली होती. तसाच शेजाऱ्यांकडे पळालो. त्यांच्या दाराला कुलूप होतं. ते कुलूप मी दोनदा ओढूनही पाहिलं.

परत आलो तर आतल्या खोलीत बायको कपाटातल्या साड्या जमिनीवर फेकत होती. सगळ्यात खालून तिनं कागदाची पुडी काढली. आत बत्तासे होते, वाणाचे. माझ्या धिरड्यांवर तिचा कधीच भरवसा नव्हता, आणि बत्ताशालाही भोकं असतात, हे मला मोबाइलनं सांगितलं नव्हतं.

जावयांनी बत्तासे कडाकडा चावून खाल्ले. पंधरा-वीस मिनिटांत चेहऱ्यावर माणूसपण आलं. "मामी," ते म्हणाले, "आता जेवाले देता का?" मग आम्ही सगळ्यांनी बाद धिरडी खाल्ली. चवीला उत्तम होती.

संध्याकाळी ते निघताना मी त्यांना बाजूला घेतलं. "जवाईबापू, हे डॉक्टरले सांगाची काही गरज नाही. घरची गोष्ट हाय. दाखला अडकून जाईन."

ते बूट घालत होते. वर न बघताच म्हणाले, "मामाजी, माह्या गाडीत लेकरं बसते. हे तुमच्या घरी झालं म्हून बरं."

डॉक्टरांकडे मीही गेलो. लेकीला मला न्यायचं नव्हतं, पण मी गेलो. जावयांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि दाखला दिला नाही. पंधरा दिवस साखर तपासत राहा, मग बघू म्हणाले.

"गोळी घेऊन इतका वेळ उपाशी कसे राहिलात?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं 'पायांची निगा' हे पत्रक मन लावून वाचायला लागलो.

"सासरवाडीले जेवण होतं," ते म्हणाले.

"स्वयंपाकाला उशीर झाला?"

"नाही. जाळी पडत नव्हती."

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

पंधरा दिवस बस दुसऱ्यानं चालवली. तेवढे दिवस लेक फोनवर माझ्याशी फक्त "हाव" आणि "नाही" बोलली. मग एक दिवस जावयांचाच फोन आला.

"मामाजी, दाखला भेटला."

"वा! काय आनू तुमच्यासाठी?"

"काही आनू नोका. या तुम्ही. पण आम्ही बारा वाजता जेवतो."

मी भाजलेल्या शेंगा आणि फुटाणे घेतले आणि बस पकडली. पोचायला सव्वाबारा झाले. लेकीनं पिशवी उघडून दोन्ही पाकिटं उलटी केली, मागचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं आणि डब्यात भरून ठेवली. हे मी प्रमाणपत्र समजलो. आत एकच ताट झाकून ठेवलेलं होतं.

"जवाई?"

"जेवले. दुपारची फेरी हाय त्याईची."

सासरा येणार हे माहीत असून त्याच्यासाठी न थांबता जेवलेला जावई आमच्या खानदानात दुसरा नसेल. मी दारात आलो. गल्लीच्या तोंडाशी पिवळी बस वळत होती. मी हात केला. त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

मग आत जाऊन मी एकटाच जेवलो.